साडूंचा गळका चेंबर

आमच्या साडूंइतका तिखट कानाचा आणि त्याच वेळी ठार बहिरा माणूस पार्ल्यापासून बोरीवलीपर्यंत दुसरा झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. बायकोने स्वयंपाकघरातून चार हाका मारल्या तरी त्यातली एकही त्यांच्या कानापर्यंत पोचत नसे, पण दोन मजले वरच्या बिऱ्हाडात नळाचा वायसर गेला की हे हातातला घास तसाच धरून थांबत आणि म्हणत, "चौथ्या मजल्यावर ठिबकतंय." मग घास तोंडात. जन्मभर त्यांनी पाणीखात्यात गळती शोधण्याचं काम केलं होतं. लांब लोखंडी कांडी रस्त्याला टेकवायची, तिचं वरचं टोक कानाला लावायचं, आणि जमिनीखाली लाइन नेमकी कुठे फुटलीय तिथे खडूने फुली मारायची. वाकोल्याच्या एका गल्लीत ही फुली नेमकी एका पानवाल्याच्या टपरीखाली आली. तो टपरी हलवायला तयार होईना, तेव्हा साडूंनी कांडी त्याच्याच कानाला लावली. तो म्हणे पाच मिनिटं ऐकत राहिला आणि मुकाट्याने सामान उचलायला लागला. यात खरं किती आणि साडूंचं किती हे मी कधी तपासलं नाही. "फुटलेली लाइन बोंबलत नाही रे, कुजबुजते," असं ते मला शिकवीत, आणि शिकवताना स्वतःच इतकं कुजबुजत की मला दोनदा विचारावं लागे.

निवृत्त झाल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. कुणाच्याही घरी गेले की आधी मोरीत, मग बैठकीत. खिशात रुमाल नसेल, पण दोन वायसर आणि छोटा पाना असायचाच. भाचीसाठी मुलुंडला स्थळ बघायला गेलो होतो तेव्हा मुलाची आई पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, तर वडीलधारे म्हणून ज्यांना आम्ही मुद्दाम पुढे घालून नेलं होतं ते साडू जागेवर नाहीत. ते आत ओट्याखाली उताणे पडले होते. तिथूनच आवाज आला, "वहिनी, जरा बादली सरकवा हो इकडे." माझी बायको शरमेने अर्धी झाली. लग्न मात्र जमलं. मुलाची आई पुढे कितीतरी वर्षं सांगायची, मुलगी आम्ही नंतर पसंत केली, आधी माणसं पसंत केली. यावर साडूंचं म्हणणं, "माणसं कसली, सिंकची ट्यूब पसंत केली त्यांनी. पितळी बसवून दिली होती मी."

साडू हे नातंच मुळात चमत्कारिक. दोन बहिणी आपापली लग्नं करतात आणि त्यांच्या नवऱ्यांना काही न विचारता एकमेकांच्या गळ्यात बांधून टाकतात. या नात्यात भावासारखं भांडता येत नाही आणि मित्रासारखं शिव्याही देता येत नाहीत. लग्नकार्यात शेजारी बसून मठ्ठ्याबद्दल बोलावं इतपतच त्याची झेप. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणायचो, ती यांची बायको. चार वर्षांपूर्वी ताई गेल्या. तेराव्याची जेवणं झाल्यावर साडूंनी मला गॅलरीत नेलं आणि विचारलं, "आता आपण दोघं एकमेकांचे कोण रे?" मला वाटलं, दुःखाने बोलतायत, पण त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हणालो, "साडूच की." "मग ठीक," ते म्हणाले, "रविवारी ये. गाडी धुवायची आहे." त्या रविवारपासून मी पार्ल्याहून बोरीवलीला जात राहिलो. दिवसभर तुम्ही दोघं करता तरी काय, असं बायको विचारायची, आणि मला ते कधी नीट सांगता आलं नाही.

गाडी म्हणजे त्यांची जुनी ऑटोमॅटिक. क्लच नसलेली गाडी म्हणजे काहीतरी श्रीमंती खूळ असं लोक समजत त्या काळात यांनी ती कुणाकडून तरी वापरलेली घेतली होती. का घेतली विचारलं तर म्हणत, "डावा पाय सारखा हलवायला मी काय शिवणयंत्र चालवतोय?" दर रविवारी आम्ही ती धुवायचो, नॅशनल पार्कच्या गेटापर्यंत नेऊन परत आणायचो, आणि धूळ बसली म्हणून पुन्हा धुवायचो. गाडी चालवताना ते काचा बंद ठेवीत, रेडिओ लावू देत नसत आणि मला बोलू देत नसत, कारण गाडी ऐकायची असे. मी इन्शुरन्सच्या कचेरीत चौतीस वर्षं काढलेला माणूस; मला एंजिनच्या आवाजात एंजिनच ऐकू यायचं. तरी "ऐकलंस?" असं त्यांनी विचारलं की मी मान हलवायचो, आणि ते खूश व्हायचे.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये लाल डाग दिसायला लागले. सेक्रेटरींनी पाहिलं आणि वॉचमनला धरलं. तो बिचारा बिनतंबाखूचा, माळकरी माणूस. पण भिंतीवर "येथे पान खाऊन थुंकू नये" अशी पाटी लागली आणि त्याला रोज संध्याकाळी तोंड उघडून दाखवायची पाळी आली. चौथ्या दिवशी साडू खाली आले, उकिडवे बसले, डागावर बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि म्हणाले, "थुंकी नव्हे ही. माझी गाडी आहे." ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचं तेल लालभडक असतं हे सोसायटीला त्या दिवशी कळलं. साडूंनी वॉचमनची हात जोडून माफी मागितली आणि सेक्रेटरींनाही मागायला लावली. मग खाली मान घालून जिना चढून गेले. गळती शोधण्यात जन्म गेलेल्या माणसाच्या स्वतःच्या गाडीला चार दिवस गळती लागली होती आणि त्याला पत्ता नव्हता, हे त्यांना फार लागलं.

गिअरबॉक्सच्या पोटाखाली पत्र्याचं एक उथळ ताट असतं, कडेने डझन-दीड डझन बोल्टांनी आवळलेलं. मेकॅनिक त्याला चेंबर म्हणतात. चेंबर आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये पॅकिंग असतं, ते म्हातारं झालं की तेल झिरपतं. गॅरेजवाला म्हणाला, दोन तासांचं काम. साडू त्याच्यावर असे उखडले, जणू त्याने त्यांच्या घरात येऊन त्यांच्या ताटातली भाकरी मोडली. "माझ्या घरातली गळती दुसरा काढणार? मग मी मेलो तरी बरा."

पण घाई दुसऱ्याच कारणाने होती. त्यांचा मुलगा मेलबर्नला. ताई गेल्यापासून तो मागे लागला होता, बाबा, आता इकडेच या, कायमचे. तीन वर्षं साडूंनी काहीबाही सांगून ढकललं, शेवटी हो म्हणाले. अट एकच: गाडी चांगल्या घरी पडली पाहिजे. आता गिऱ्हाईक शोधून द्यायला कुणी सांगितलं होतं मला? पण मला मेल्याला गप्प बसवेना. आमच्या पार्ल्यातल्या एका डॉक्टरीणबाईंचा डावा गुडघा कामातून गेलेला, क्लच दाबवेना, त्यांना जुनी ऑटोमॅटिक हवी होती. मीच त्यांना बोरीवलीला घेऊन गेलो. बाईंना गाडी आवडली. साडू म्हणाले, "बाई, आज देणार नाही. गळकी गाडी मी कुणाच्या गळ्यात मारत नाही. आठ दिवस खाली पेपर घालीन. आठही दिवस कोरडा राहिला की किल्ली तुमची आणि माझं तिकीट काढायला मी मोकळा." म्हणजे चेंबर सुकला की साडू जाणार, हे त्या दिवशी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या ठरून गेलं, आणि मी बाजूला उभा राहून मान डोलावत होतो.

पहिल्या खेपेला गाडी लोखंडी घोड्यांवर चढवून साडू खाली शिरले. माझं काम बॅटरीचा उजेड धरण्याचं. मी ते वाईट करतो, हे आयुष्यभर ऐकत आलो आहे. "तुला बघायचंय तिकडे नको रे, मला बघायचंय तिकडे धर!" या चेंबरला तेल काढायचा बोल्टच नव्हता, एका बाजूचे बोल्ट सैल करून ताट तिरकं करायचं. साडूंनी ते जरा जास्तच तिरकं केलं. खाली ठेवलेली परात एकीकडे आणि तेल दुसरीकडे. नखशिखांत लाल होऊन ते बाहेर आले नेमके तेव्हा तळमजल्यावरच्या गुजराती बेन भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी फोडलेली किंकाळी ऐकून तीन मजले खाली उतरले. मग नवीन पॅकिंग लावून साडूंनी बोल्ट आवळले, पाण्याच्या मोठ्या लाइनीचे आवळतात तसे, फूटभर पान्यावर सगळं वजन टाकून. "घट्ट म्हणजे घट्ट!" पण हा पातळ पत्रा. त्याची कड वाकली आणि पॅकिंग पोळीतून पुरण यावं तसं बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी पेपर लाल.

त्यांनी मला फोन केला तेव्हा आवाज पडलेला होता. मी "अरेरे" म्हणालो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. फोन ठेवून मी बायकोला म्हणालो, चहा टाक, आणि चहा पिताना शीळ घालत होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि कप उचलून नेला.

दुसऱ्या खेपेची तयारी मात्र जंगी झाली. मुलाने तिकडून फोनवर समजावलं, "बाबा, जोर लावू नका. आधी सगळे हाताने बसवा, मग समोरासमोरचे दोन-दोन घ्या, बेताने." साडू म्हणाले, "हा मला शिकवतोय, ज्याची दुधाची बाटली मी सील करायचो." पण ऐकलं. फळीवर ठेवून हातोडीने चेंबरची कड सपाट केली, रॉकेलने धुऊन असा लखलखीत केला की त्यात जेवावं. इतकं होईपर्यंत खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी माझी बायकोही बोरीवलीला आली होती. ताई असताना खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजायच्या. हातोडी, पाने, ती कानाची कांडी सुद्धा. ताईंनंतर ते कुणी केलं नव्हतं. बायको पार्किंगमध्येच पाट घेऊन आली. "यंदा मी करणार. पुढच्या वर्षी भाऊजी कुठे असायचे इथे?" असं म्हणाली आणि तिने सगळे पाने ओळीने लावले. मधोमध चेंबर ठेवला, कारण सगळ्यात स्वच्छ तोच होता. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. साडू हात जोडून उभे होते. मग म्हणाले, "पुजली हत्यारं. आज हात लावायचा नाही." खंडेनवमीला पुजलेलं अवजार त्या दिवशी चालवत नाहीत, हे ताईंनी त्यांना लग्नानंतर पहिल्याच वर्षी बजावलं होतं.

त्यामुळे घोड्यांवर चढवलेल्या गाडीशेजारी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही दुपारभर रिकामे बसलो. इतक्या रविवारांत असे रिकामे आम्ही कधी बसलो नव्हतो. साडू एकदा म्हणाले, "तिला विमानाची भीती वाटायची रे. ती असती तर हा जाण्याचा विषयच नव्हता." मी काहीतरी बोलायला हवं होतं. जाऊ नका म्हणायला हवं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलापासून अडवणारा मी कोण? सख्खा भाऊ असतो तर म्हणालो असतो, लाज सोडून म्हणालो असतो. मी विचारलं, "मेलबर्नला थंडी फार का हो?" ते म्हणाले, "असेल."

दसऱ्याला सकाळी कामाला लागलो. साडूंनी फडक्याने चेंबर पुसला आणि छातीवर ठेवून गाडीखाली सरकले. मीही कुशीवर पडून बॅटरी धरली. पॅकिंग कडेवर बसवायला घेतलं तेवढ्यात मला दिसलं: मागच्या कोपऱ्यात, अगदी कडेवर, कुंकवाने लाल झालेला एक तांदूळ चिकटून राहिला होता. कालची अक्षत. तांदळाएवढी फट म्हणजे तेलाला दरवाजाच. मी तोंड उघडलं. मग मी तोंड मिटलं आणि बॅटरी दोन बोटं बाजूला सरकवली. साडूंचा हात चालूच राहिला. जन्मात पहिल्यांदा मला "तिकडे नको, इकडे धर" असं ऐकावं लागलं नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. पॅकिंग बसलं, चेंबर वर गेला, बोल्ट समोरासमोर बेताने लागले.

पुढच्या रविवारी गेलो तर पेपरवर रुपयाएवढा लाल डाग. साडू डागाकडे बघत त्याच खुर्चीवर बसले होते. मुलाने फोनवर सुचवलं होतं म्हणे, बाबा, राहू दे, आता तुमच्याने नाही होणार, गॅरेजला द्या. हे मला सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चहा तसाच गार झाला होता, वर साय धरली होती. ज्या माणसाने अख्ख्या उपनगराची गळती काढली त्याला त्याचा मुलगा तुमच्याने होणार नाही म्हणतो, आणि ते माझ्यामुळे. मला माझीच किळस आली. मी म्हणालो, "तुमची चूक नाही. तिथे तांदूळ होता. पूजेचा. मला दिसला होता, मी बोललो नाही."

साडू रागावले की शुद्ध बोलत. आतून हलले की मालवणीवर येत. ते म्हणाले, "अरे मेल्या, चाळीस वर्षां मी गळतीच सोधलंय. तो तांदूळ माका दिसाक नाय, असा वाटला तुका?"

मी पेपरवरच्या डागाकडे बघितलं.

"पुसताना दिसलो. ठेवलंय तसोच," ते म्हणाले. "आणि तू बॅटरी बाजूक केलंस, ता पण दिसला."

वॉचमन कुणाच्या तरी गाडीला शिट्ट्या मारून मागे घ्यायला लावत होता. आम्ही दोघं त्याच्याकडे अशा लक्षपूर्वक बघत बसलो की तोच गोंधळला. मग साडू उठले, लेंगा झटकला आणि नेहमीच्या भाषेत म्हणाले, "नातू रोज विचारतो, आजोबा कधी येणार. त्याला काय सांगू, चेंबर गळतोय म्हणून? किती दिवस सांगू? चल. बॅटरी घे."

त्या दिवशी आम्ही ते काम नीट केलं. साडूंनी तांदूळ नखाने काढून कुंडीत टाकला, कड चारदा पुसली, नवं पॅकिंग घातलं. मला फार वाईट वाटत होतं, पण उजेड मी जिथे हवा तिथेच धरला. आठ दिवस पेपर कोरडा राहिला. नवव्या दिवशी साडूंनी तो घडी घालून मला दाखवायला ठेवला होता, जणू मुलाचं प्रगतिपुस्तक. दिवाळीच्या पाडव्याला डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गेल्या, आणि दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी साडू गेले. विमानतळावर आम्ही दोघं मठ्ठ्याबद्दल बोलावं तसं सामानाच्या वजनाबद्दल बोललो.

आता रविवारी सकाळी फोन येतो. मुलाकडे विजेची गाडी आहे, तिला गिअरबॉक्स नाही, तेल नाही, चेंबर नाही. "काही गळतच नाही रे इथे," ते तक्रार करतात. नातू गोड आहे, सून जीव लावते, बागेत लिंबाचं झाड आहे, असं सगळं सांगतात, आणि मी "वा वा" म्हणतो. डॉक्टरीणबाईंची गाडी मला पार्ल्यात अधूनमधून दिसते. ती गेल्यावर रस्त्यावर वाकून बघायची मला खोड लागली आहे. रस्ता कोरडा असतो.

गेल्या रविवारी त्यांचं लिंबाच्या झाडाबद्दल सांगून झालं आणि दोघांकडेही बोलायला काही उरलं नाही. तेव्हा मी म्हणालो, "परत या हो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "काय म्हणालास? ऐकू आलं नाही."

मी जरा मोठ्याने म्हणालो, "परत या म्हटलं. मला करमत नाही."

"ऐकलं होतं रे पहिल्यांदाच," साडू म्हणाले. "आणखी एकदा म्हण."

मी आणखी एकदा म्हणालो.